दुर्पतामावशीचं गिऱ्हाईक

दुर्पतामावशीच्या घरात एकही झाकण घट्ट लावलेलं नसतं. हे मला तिच्या घरी राहायला आल्याच्या पहिल्याच दिवशी कळलं, आणि मिठाच्या बरणीने कळवलं. मी बरणी झाकणाला धरून उचलली. झाकण माझ्या हातात राहिलं आणि बरणी खाली गेली. सगळ्या फरशीवर मीठ. मी नवीन भाडेकरू, परक्या मुलखातली. मला तर रडूच फुटलं.

बाहेरच्या ओट्यावरून आवाज आला, "फुटली का?"

"नाही हो. प्लास्टिकची आहे."

"मंग रडतं कायले? या घरात झाकनाले कोनी धरत नाई. बुडाले धराव. बरनीले बी आन मानसाले बी."

लोणचं, तिखट, खोबरेल, औषधाची बाटली, सगळी झाकणं नुसती वर ठेवलेली. पाहुणा आला की पहिली सूचना चहाची नसते, झाकणाची असते. नळाच्या चावीला हातभर काठी बांधलेली आहे, म्हणजे कोपराने ढकलली तरी पाणी येतं. दाराच्या कडीला सुतळीचा फास आहे, त्यात मनगट घालून ओढायचं. पळीच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून गुंडाळून ती आता गदेसारखी दिसते. पण सगळ्यात मोठी करामत म्हणजे मावशीचा ब्लाऊज. त्याला हुकं नाहीत. लहान मुलांच्या शाळेच्या बुटांना असते ती चिकटपट्टी तिने शिंप्याकडून शिवून घेतली आहे. सकाळी शेजारच्या खोलीतून चर्रर्र असा आवाज आला की मी समजते, मावशीची आंघोळ झाली.

हे सगळं तिच्या हातांमुळे. मावशीला आमवात आहे. हा म्हातारपणी गुडघा धरतो तो वात नव्हे. हा आतून पेटतो. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी मनगटं, बोटांची पेरं, कधी गुडघे, सगळं लाल होऊन फुगतं. आणि मावशीचा धंदा काय, तर बांगड्या भरायचा! पन्नास वर्षं ती बायकांचे हात दाबून, चोळून, वळवून बांगड्या चढवत आली आहे. हात हेच तिचं दुकान.

माझंही सांगते, म्हणजे मी तिच्या घरात कशी हे कळेल. मी देवरुखाकडची. सातवी झाली आणि शाळा सुटली, कारण आठवीची शाळा नदीपलीकडे होती आणि आमच्या बाबांचा नदीवर विश्वास नव्हता. लग्न झालं ते रस्त्याच्या कामावर रोलर चालवणाऱ्याशी. रस्ता जाईल तिकडे रोलर, रोलर जाईल तिकडे नवरा, आणि नवरा जाईल तिकडे मी. असं करत करत डोणगावला आले आणि मावशीची मागची खोली घेतली. वर्षभराने इथला रस्ता संपला. रोलर गुजरातेत निघाला. मी भांडी बांधायला घेतली तर मावशी दारात येऊन उभी राहिली.

"तू काऊन चालली?"

"हे चालले ना."

"रोलरले बायको लागत नाई. त्याले जाऊ दे, येईन तो सुटीत. तू राह्य इथंच. मले बाजारात पेटी उचलाले कोनी पाह्यजे."

पत्र्याच्या खोल्यांतून फिरून मी इतकी कंटाळले होते की तिथेच रडू आलं. मी त्या दिवशी राहिले ती राहिलेच. तिचे उपकार मोठे. पण उपकार झाला की मला आनंदाच्या आधी भीती वाटते. हे आपल्या हातून सांडणार तर नाही ना, असं वाटत राहतं. मी गॅस बंद केला की तीनदा बघते. मावशी म्हणते, "तो बिचारा गॅस बी तुले घाबरून बंद होते."

तर सकाळचं सांगत होते. मावशी उठल्यावर देवाला हात जोडत नाही, कारण सकाळी ते जोडलेच जात नाहीत. बोटं सरपणासारखी ताठ असतात. "देवाले सांगून ठेवलं हाय," ती म्हणते, "साडेआठनंतर जोडीन म्हून." तोवर ती कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसते आणि मग मोजमाप करते.

हे मोजमाप सगळ्या गल्लीला माहीत आहे. चुलीच्या वर एक खिळा आहे. त्याला तीन पितळी बांगड्या टांगलेल्या आहेत: दोन-सहा, दोन-आठ आणि दोन-दहा. हे बांगड्यांचे आकार. ताप मोजायला काचेची नळी असते तशी मावशीची सूज मोजायला हे पितळ. दोन-सहा पेरांवरून सरकली तर दिवस सोन्याचा. तिथे अडली आणि दोन-आठ गेली तर जपून. दोन-दहाही अडली तर त्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. त्याच खिळ्यावर हिरव्या काचेची एक चौथी बांगडी आहे, सगळ्यात लहान, दोन-चार. ती मोजायला कधी खाली येत नाही. मी एकदा पुसायला काढली तर मावशी म्हणाली, "तिले राहू दे वो." मी राहू दिली.

समोरच्या घरातली कांताबाई रोज दात घासता घासता ओरडून विचारते, "मावशी, आज किती?"

"दोन-आठ!"

"कालच्यापेक्षा बरं हाय मंग."

"बरं काय, डाव्या हाताचं हाय हे. उजव्याचं इचारूच नको."

आणि दोन-दहा अडलेल्या दिवशी मावशी सांगते, "आलं गिऱ्हाईक."

दुखण्याला ती गिऱ्हाईक म्हणते. तिचं म्हणणं, पन्नास वर्षांत अशी गिऱ्हाइकं तिने हजार पाहिली. येऊन बसतात, सगळी पेटी उलटीपालटी करतात, हिरवी दाखव, लाल दाखव, ती मागची काढ, आणि घेत काहीच नाहीत. उठतही नाहीत. त्यांच्याशी भांडलं तर जास्त बसतात. म्हणून आपण आपलं काम करत राहायचं आणि मधूनमधून एवढंच म्हणायचं, "घ्याचं नसन तं ऊठ बाई." मग आपलं मनगट मांडीवर घेऊन ती खरोखर त्याच्याशी बोलते.

यावरून एकदा बीबी गावाला जाणाऱ्या गाडीत गंमत झाली. मावशीचा गुडघा पेटला होता. शेजारी एक धिप्पाड माणूस पाय पसरून बसलेला. मावशीने खाली बघून, डोळे वटारून, एकदम कडक आवाजात म्हटलं, "घ्याचं नसन तं ऊठ! सकाळपासून बसून राह्यलं!" तो माणूस टुणकन उठला आणि लोणार फाट्यापर्यंत दांडा धरून उभा राहिला. मावशीने त्याच्या जागेवर पाय लांब केले. "पाह्य, कोनी तं ऐकलं."

सल्ला देणाऱ्यांचा मात्र तिला राग. आमवात आहे म्हटलं की वाटेवरचा माणूस डॉक्टर होतो. कोणी बिब्बा सांगतं, कोणी मधमाशी चावून घ्या म्हणतं. कांताबाईच्या दिराने एकदा सांगितलं, वांगं वातूळ, वांगं सोडा. मावशीने त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "वऱ्हाडात राहून वांगं सोडू, तं खाऊ काय? हिच्या नवऱ्याच्या रस्त्याची खडी?"

बरं, औषध ती नेमाने घेते. मेहकरला महिन्यातून एकदा सांध्यांचे डॉक्टर बाहेरगावाहून येतात. त्यांच्या गोळ्यांनी तिला पुष्कळ उतार पडला. त्या गोळ्यांचीच गोष्ट मला सांगायची आहे.

मावशी वारांची नावं घेत नाही. सोमवार-मंगळवार हे तिच्या मते सरकारी लोकांचे दिवस. तिचे दिवस बाजारांवरून. "डोनगावच्या दिशी", "मेहकरच्या आदल्या दिशी", "बीबीच्या दुसऱ्या दिशी". कोणाचं लग्न, कोणाची बारशी, सगळं ती असंच सांगते आणि इकडच्या बायकांना ते बरोबर कळतं. मला कळायला सहा महिने लागले.

मी आले तेव्हा हातांमुळे तिने लांबचे बाजार सोडले होते. फक्त आमच्या डोणगावच्या बाजारात बसायची. गोळ्यांचा डबा माझ्याकडे देताना तिने सांगितलं, "या दोन पांढऱ्या रोजच्या. आन ही बारकी पिवळी बाजारच्या दिशी. एकच. ध्यान ठेवजो." मी ते डब्यावर कागद चिकटवून लिहूनही ठेवलं: पिवळी, बाजारच्या दिवशी. आठवड्यात बाजार एक, गोळी एक. वर्षभर अगदी बरोबर चाललं.

मग मी पेटी उचलायला लागले, ओझं वाटून गेलं, आणि मावशीला हुरूप आला. एक दिवस दोन-सहा सर्रकन गेली तशी म्हणाली, "चाल सुगंदे, मेहकरचा बाजार धरू." पुढच्या आठवड्यात बीबीचाही धरला. बीबीच्या बायका तिला बघून उठून उभ्या राहिल्या. "मावशी, कुठी गेलती वो इतके दिवस? आमचे हात उघडे पडले!" मावशी नुसती फुलली. जोर लावायचा नाही म्हणून तिने युक्ती काढली होती. गिऱ्हाइकाच्या हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि तिच्यावरून बांगडी घसरवायची. दोन्ही हात त्यात गुंतलेले असायचे. गोळीची वेळ झाली की ती मान न वळवता चिमणीच्या पिलासारखं तोंड उघडायची. मी गोळ्या टाकायची, वर पाणी ओतायची. बायका हसायच्या. "मावशीनं सून ठेवली का काय?"

आठवड्यात बाजार तीन झाले. डब्यावर लिहिलेलं होतं, बाजारच्या दिवशी. मी पिवळी गोळी तीनदा द्यायला लागले.

मला एकदाही शंका आली नाही. गॅस तीनदा बघणारी मी, पण हे लिहिलेलं होतं, आणि माझ्याच अक्षरात होतं. त्यामुळे मी निर्धास्त होते.

दोन आठवडे गेले. मावशीच्या तोंडात फोड आले. तिने ठेच्यावर खापर फोडलं. मिरची या साली जास्त उतरली म्हणे. मग भाकरी गिळवेना, बाजारात आवाज निघेना. दुर्पतामावशीचा आवाज नाही म्हणजे बाजारात भोंगा बंद पडल्यासारखं. हाताच्या खुणेने भाव सांगायला लागली. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी घमेल्याजवळ बसली आणि तिथून उठलीच नाही. अंग तापलेलं. समोरून कांताबाई विचारत होती, "मावशी, आज किती?" मी तिलाच हाक मारून धावत बोलावलं.

कांताबाईच्या दिराने ऑटो आणला. तोच, वांगंवाला. नशीब असं की डॉक्टर त्या दिवशी मेहकरला होते. त्यांनी तिच्या तोंडात बॅटरी मारून पाहिलं, मग माझ्याकडे हात केला. "गोळ्या आणल्यात?"

मी डबा दिला. त्यांनी पिवळ्या गोळ्यांची पाकिटं काढली, रिकाम्या जागा बोटाने मोजल्या. मग परत मोजल्या.

"ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, असं मी सांगितलं होतं ना? एकदाच! ही आठवड्यातून किती वेळा घेतली?"

त्या क्षणी मला समजलं. डोणगाव, मेहकर, बीबी. एवढंच डोक्यात येत होतं की मीठ सांडलं तेव्हा बरणी प्लास्टिकची होती.

मावशी बाकावर आडवी होती. तिने मान वळवून आधी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. फोडांनी भरलेल्या तोंडाने म्हणाली, "मीच घेतली, साहेब. माह्या मनानं. लौकर बरं व्हाव म्हून जास्तीची घेतली."

मग डॉक्टर जे बोलायला लागले! जीव गेला असता म्हणाले. औषध म्हणजे शेंगदाणे आहेत का म्हणाले. रक्ताच्या पेशी, लिव्हर, काय काय. ज्या बाईला आख्ख्या डोणगावात कोणी 'अगं' म्हणायला धजत नाही, ती चोरी सापडलेल्या पोरीसारखी मान खाली घालून ऐकत होती. शेवटी डॉक्टर कडवटपणे म्हणाले, "घरात शिकलेलं कोणी नाही का?"

"हाय ना," मावशी म्हणाली. "हे काय, ही हाय. सातवी पास. मी तं येतच नोती, हिनंच आनलं मले."

तिला भरती करून घेतलं. सुया, सलाईन, रोज रक्ताची तपासणी. पिवळी गोळी बंद, त्यामुळे तोंड सुधारत गेलं तसं गिऱ्हाईक मात्र दोन्ही मनगटांवर ठाण मांडून बसलं. मी खाटेजवळ बसून तिला पेज भरवायची. मनात एकच, आता घरी गेलो की ही मला जा म्हणेल. म्हणावंच तिने. मी नवऱ्याला फोन करून विचारूनही ठेवलं, की तिकडे पत्र्याची खोली मिळेल का. तो म्हणाला, मिळेल, पण झालं काय? मी फोन ठेवला.

आठव्या दिवशी सोडलं. मेहकरच्या स्टँडवर डोणगावच्या गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो. मला आणखी धरवेना.

"मावशी, ती गोळी तुम्ही नाही घेतली. मी दिली. बाजार तीन झाले आणि मी प्रत्येक बाजाराला..."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"तथीच समजलं. डाक्तरनं पाकीट मोजलं आन मी तुह्या तोंडाकडं पाह्यलं. पीठ लावल्यावानी झालतं."

"मग तुम्ही खोटं का सांगितलंत?"

मावशीने दोन्ही मनगटं मांडीवर घेतली. "डाक्तरचं बोलनं मले काय लागते वो? मी कातडीची जाड हाय. तुले बोलला असता तं तू तथूनच गाडीत बसली असती. आन बाजारचा दिवस मीच सांगतला होता ना? तीन बाजार मीच धरले. तू तं जे लिवलं ते केलं."

गाडी लागली. मी तिला दंडाला धरून चढवलं. तिने बसता बसता शेजारच्याला दम दिला, "सरक बे, दुखते मले," आणि तो विषय तिच्यापुरता संपला.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं. डब्यावरचा जुना कागद खरवडून काढला आणि नवा लावला. पुढे डॉक्टरांनी पिवळी गोळी परत सुरू केली तेव्हा त्यांनी तो वाचला. मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: पिवळी, फक्त डोणगाव बाजार. त्यांनी विचारलं, हे काय? मावशी म्हणाली, "हा तिचा कायदा हाय साहेब. आता बीबीत तोंड उघडलं तं नुसतं पानी ओतते."

पण ते नंतरचं. स्टँडवरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळचं घमेलं झालं, दोन-दहा अडली. मावशी म्हणाली, "ती हिरवी काढ."

"कुठली?"

"खिळ्यावरची. दोन-चार."

मी काढून दिली. तिने ती उजेडाकडे धरून बघितली. मग म्हणाली, "तो गेला ना, माह्या घरवाला, तवा बाया आल्या होत्या बांगड्या फोडाले. मी हात नाई दिला. म्हनलं, रोज साऱ्या गावचे हात भरते, माह्येच काऊन रिकामे ठेवू? साऱ्याईनं तोंडं वाकडी केली. करू देल्ली. वीस वर्सं घातल्या मंग बी." तिने बोटं हलवून बघितली. "मंग हे गिऱ्हाईक आलं. एका रातीत हात असा फुगला का कापून काढाव लागल्या. मानसानं नाई काढल्या, याच्यानं काढल्या. पुढच्या खेपेले ठेवलेली ही एक उरली होती."

मग म्हणाली, "हात दे."

"मावशी, मी घालते. तुमचं मनगट..."

"हात दे म्हनलं ना. आजपर्यंत कोन्या बाईनं माह्यापुढं आपल्या हातानं भरली का?"

प्लास्टिकची पिशवी मागितली नाही. खोबरेलाचं झाकण कोपराने बाजूला सारलं, माझ्या हाताला तेल चोळलं, अंगठ्याची गादी आत दाबली. तिची ती गरम, फुगलेली पेरं माझ्या हाडांवरून फिरत होती. एकदा थांबली, डोळे मिटले, पुटपुटली, "घ्याचं नसन तं ऊठ," आणि परत दाबायला लागली. समोरून कांताबाई ओरडली, "मावशी, आज किती?" मावशी दाबतच राहिली. किती वेळ लागला कोण जाणे. चहा दोनदा गार झाला. शेवटी बांगडी पेरांवरून सरकली आणि मनगटावर आली. अगदी घट्ट.

"मावशी, दोन-सहा बसली असती मला," मी म्हटलं. "ही आता निघायची नाही."

"माईत हाय," मावशी म्हणाली, आणि हात परत घमेल्यात घातले. "सैल भरली असती, तं एखाद्या दिशी काढून ठेवून गेली असती तू."